घोडा आणि त्याचा स्वार

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजण घोड्यावर बसले आहेत? माथेरानला गेला असाल, तर तेथे तुम्ही पुष्कळ घोडे पाहिले असतील. त्या डोंगरावर मोटारींना बंदी आहे. म्हणून तांबड्या मातीच्या वाटांवरून माणसे घोड्यावर बसून फिरतात. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची यात्रा तर घोड्यांच्या बाजारासाठीच प्रसिद्ध आहे. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडीची तट्टे एके काळी मराठ्यांच्या फौजेत होती. ती दिसायला लहान, पण मोठी काटक असत.

घोड्यावर बसलेला स्वार पाहिला, की आपल्यालाही वाटते, आपणही असेच ऐटीत बसावे, लगाम हाती घ्यावा आणि भरधाव सुटावे! यात काही गैर नाही. पण घोडा म्हणजे सायकल नव्हे. सायकल थकत नाही, घाबरत नाही, तिला तहान लागत नाही. घोड्याला हे सारे होते आणि ते त्याला बोलून सांगता येत नाही. म्हणून चांगल्या स्वाराला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. घोड्याला काय झेपते, ही पहिली. आपल्याला काय झेपते, ही दुसरी.

या दोन गोष्टी समजून घेण्यासाठी आज आपण एका दूरच्या देशात जाऊ या. त्या देशाचे नाव सिंगापूर.

सिंगापूर हा समुद्राने वेढलेला छोटासा देश आहे. तेथे उंच उंच इमारती आहेत, मोठे बंदर आहे, रस्त्यांवर मोटारींची गर्दी आहे. अशा शहरात घोडे कोठून आले, असे तुम्हांला वाटेल. पण तेथे घोडे फार पूर्वीपासून आहेत. १८४२ मध्ये तेथे घोड्यांच्या शर्यतींसाठी एक क्लब स्थापन झाला. १८८६ मध्ये पोलो खेळणाऱ्यांचा क्लब सुरू झाला. पोलो म्हणजे घोड्यावर बसून, लांब काठीने चेंडू मारण्याचा खेळ. शर्यतींचे मैदान १९३३ मध्ये बुकित तिमाह येथे गेले आणि १९९९ मध्ये क्रांजी येथे गेले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी क्रांजीच्या मैदानावर शेवटची शर्यत झाली. जागा कमी आणि माणसे फार, म्हणून ती जमीन सरकारला परत द्यायचे ठरले. शर्यती संपल्या, पण घोडेस्वारी संपली नाही. तेथील मुले आजही घोड्यावर बसायला शिकतात.

समजा, तुम्हीही त्या मुलांबरोबर शिकायला गेला आहात. पहिली गोष्ट तुमच्या ध्यानात येईल, ती म्हणजे शिकवणीची वेळ. भर दुपारी मैदान रिकामे असते. घोडेस्वारी चालते ती सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. असे का बरे?

सिंगापूर विषुववृत्तापासून केवळ सुमारे १४० किलोमीटर उत्तरेला आहे. तेथे हिवाळा नाही. बाराही महिने दुपारचे तापमान ३१ ते ३३ अंशांच्या आसपास असते. नागपूर किंवा जळगावच्या उन्हाळ्यापुढे हे काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण तेथील हवा फार दमट असते. मुंबईत किंवा रत्नागिरीत राहणाऱ्या मुलांना दमट हवा म्हणजे काय, हे सांगायला नको. अंगाला घाम येतो, पण तो वाळत नाही.

घाम वाळतो तेव्हा तो शरीरातील उष्णता घेऊन जातो. माठातील पाणी थंड होते, तेही याच कारणाने. घाम वाळलाच नाही, तर शरीर थंड कसे होणार? घोड्यालाही आपल्यासारखा भरपूर घाम येतो. पळताना त्याचे मोठमोठे स्नायू काम करतात आणि अंगात पुष्कळ उष्णता तयार होते. ती बाहेर पडली नाही, तर घोडा आजारी पडतो. कधी कधी त्याच्या जिवावरही बेतते. म्हणून गरम आणि दमट हवेत घोड्याला थोडाच वेळ काम देतात. काम झाल्यावर त्याच्या अंगावर थंड पाणी ओततात, त्याला सावलीत नेतात आणि त्याचा श्वास शांत होईपर्यंत सावकाश चालवतात.

घोडा थकला आहे की नाही, हे कसे ओळखावे? त्याच्या कुशीकडे पाहावे. श्वासाबरोबर कूस आत-बाहेर होते, ती मोजावी. स्वस्थ उभा असलेला घोडा मिनिटाला साधारणपणे ८ ते १६ वेळा श्वास घेतो. पळून आल्यावर हा आकडा खूप वाढतो. थोड्या विश्रांतीनंतर तो उतरला पाहिजे. उतरत नसेल, तर घोड्याला काम जास्त झाले, असे समजावे. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून त्याला धापा टाकता येत नाहीत. म्हणून त्याच्या फुललेल्या नाकपुड्यांकडेही लक्ष ठेवावे लागते.

सिंगापूरमध्ये आणखी एक अडचण आहे. तेथे विजा फार चमकतात. दुपारी आभाळ भरून येते आणि गडगडाट सुरू होतो. अशा वेळी शिकवणी थांबवावी लागते. मैदान मोकळे असते आणि घोड्यावर बसलेला माणूस उंचावर असतो. शिवाय कडाडणाऱ्या आवाजाने घोडा बुजतो. आपली पाळी आली आहे, घोड्यावर खोगीर चढले आहे आणि तेवढ्यात 'आज घोडेस्वारी नाही' असे कळले, तर कोणालाही वाईट वाटेल. पण थांबता येणे हाही घोडेस्वारीतील एक धडाच आहे.

आता घोड्याच्या पाठीचा विचार करू. घोडा केवढा तरी बलवान प्राणी! मग त्याच्या पाठीवर कितीही ओझे घातले तर काय बिघडले? बिघडते. घोड्याच्या पाठीलाही मर्यादा आहे. जाणकार लोक यासाठी एक साधा हिशेब सांगतात. स्वार, खोगीर व इतर सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त ओझे त्याच्या पाठीवर असू नये. पाचशे किलोच्या मोठ्या घोड्यासाठी हा आकडा शंभर किलो होतो. दोनशे किलोच्या लहान तट्टासाठी तो चाळीस किलो होतो. त्यातून खोगिराचे आठ किलो वजा केले, तर उरले बत्तीस. म्हणजे त्या तट्टावर तुमच्यासारखे मूल बसेल, पण तुमच्या बाबांनी बसू नये. घोडा म्हातारा असेल, दुबळा असेल, ऊन फार असेल किंवा चढण असेल, तर हे ओझे आणखी कमी करावे लागते.

घोडेस्वारीच्या शाळेत शिकणाऱ्याचे वजन आधीच विचारतात, ते यासाठीच. त्यात लाजण्यासारखे काही नाही. होडीत किती माणसे बसवावीत, हे नावाडी ठरवतो ना? तसेच हे आहे. होडी बुडाल्यावर सगळ्यांना कळते. घोड्याची पाठ दुखते, तेव्हा ती फक्त घोड्यालाच कळते.

वजनाइतकेच महत्त्व बसण्याच्या पद्धतीला आहे. जो स्वार पिशवीसारखा घोड्याच्या पाठीवर आदळतो, तो हलका असला तरी घोड्याला जड वाटतो. जो घोड्याच्या चालीबरोबर डुलतो, तो जड असला तरी थोडा हलका वाटतो. तुम्ही लहान भावंडाला पाठुंगळी घेतले आहे का? ते गळ्याला नीट धरून बसले, तर चालणे सोपे जाते. ते वळवळू लागले, की आपला तोल जातो. घोड्याचेही तसेच आहे.

आता घोड्याजवळ कसे जायचे, ते पाहू. त्यासाठी घोड्याला जग कसे दिसते, हे ठाऊक हवे. आपले डोळे समोर असतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला समोरचे, बाजूचे आणि बरेचसे मागचेही एकाच वेळी दिसते. रानात राहणाऱ्या घोड्याला वाघ-लांडगा कोठून येईल, याचा नेम नसे. म्हणून असे डोळे त्याच्या उपयोगाचे. पण दोन ठिकाणी त्याला दिसत नाही. एक, अगदी नाकासमोर व कपाळापुढे. दुसरे, थेट शेपटीमागे. म्हणूनच घोड्याच्या मागून कधीही जाऊ नये. मागे काहीतरी हलले, पण काय ते दिसले नाही, तर घोडा आधी लाथ झाडतो आणि मग वळून पाहतो. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे, तर तो घाबरलेला असतो म्हणून.

घोड्याकडे त्याच्या खांद्याच्या बाजूने जावे. सावकाश जावे, हळू बोलावे आणि प्रथम त्याच्या मानेवर किंवा खांद्यावर हात ठेवावा. एकदम नाकासमोर हात नेऊ नये.

घोडा लहानसहान गोष्टींना घाबरतो, याचे आपल्याला हसू येते. वाऱ्याने उडालेली प्लॅस्टिकची पिशवी, कोणी फटकन उघडलेली छत्री, मागून आलेली सायकल अशा कशानेही तो बुजतो. पण विचार करा. घोड्याला वाघासारख्या नख्या नाहीत, बैलासारखी शिंगे नाहीत. त्याचे मुख्य शस्त्र म्हणजे त्याचे चार पाय. 'आधी पळावे, मग पाहावे' हे त्याला हजारो वर्षांत निसर्गाने शिकवले आहे. तेव्हा घोडा बुजला, म्हणून त्याला मारणारा स्वार चूक करतो. पिशवीला घाबरलेला घोडा मार खाल्ल्यावर पिशवीलाही घाबरतो आणि स्वारालाही घाबरतो. शहाणा स्वार स्वतः शांत राहतो, घोड्याला ती वस्तू लांबून पाहू देतो आणि थोडा वेळ जाऊ देतो.

सिंगापूरमध्ये घोडेस्वारी शिकवणाऱ्या घोड्यांची आणखी एक गंमत आहे. त्यांतील कितीतरी घोडे पूर्वी शर्यतीत पळत असत. वय वाढले, वेग कमी झाला, की शर्यतीचा घोडा निवृत्त होतो. अशा निवृत्त घोड्यांना नवे काम शिकवण्यासाठी १९५१ मध्ये तेथे बुकित तिमाह सॅडल क्लब सुरू झाला.

शर्यतीच्या घोड्याला नवे काम शिकवणे सोपे नसते. त्याला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवलेली असते. दार उघडले, की वाऱ्यासारखे पळायचे! असा घोडा ताशी साठ किलोमीटरहूनही अधिक वेगाने धावतो. आता त्याला सांगायचे, 'बाळा, सावकाश चाल. पाठीवर लहान मूल आहे. वळणावर वळ, सांगितले की थांब.' हे त्याला कसे कळावे? काही घोडे काही महिन्यांत शिकतात. काहींना त्याहून अधिक वेळ लागतो. काही घोडे मोठ्या माणसांना नेतात, पण लहान मुलांच्या कामाचे होत नाहीत. प्रत्येक घोड्याचा स्वभाव निराळा. एखादा घोडा चपळ असतो, पण भित्रा असतो. एखादा आळशी असतो, पण कितीही गोंगाट झाला तरी जागचा हलत नाही. शिकाऊ मुलासाठी यांतला कोणता घोडा चांगला? अर्थात आळशी, पण शांत घोडा! सर्वांत देखणा घोडा हा आपल्यासाठी सर्वांत योग्य घोडा असेलच, असे नाही.

घोड्याला बोलता येत नाही, हे खरे. पण तो काहीच सांगत नाही, असे मात्र नाही. त्याचे कान पाहा. कान पुढे टवकारलेले असले, तर त्याचे लक्ष समोरच्या वस्तूकडे आहे. एक कान मागे वळलेला असला, तर तो पाठीवरच्या स्वाराकडे लक्ष देत असतो. दोन्ही कान मानेला चिकटवून मागे पाडले, तर तो रागावला आहे किंवा त्याला काही दुखते आहे. खोगिराचा पट्टा आवळताना एखादा घोडा रोज दात दाखवू लागला, तर त्याला खोड लागली असे म्हणण्यापूर्वी खोगीर उचलून पाठ पाहावी. तेथे एखादी जखम असू शकते.

चालताना घोड्याचे डोके एका विशिष्ट पावलाला वर उडू लागले, तर तो लंगडत आहे, असे समजावे. मग काय करावे? स्वाराने ताबडतोब खाली उतरावे. 'अजून माझी दहा मिनिटे उरली आहेत,' असे म्हणू नये. घोडा हातात धरून चालत परत यावे आणि त्याचा खूर पाहावा. कधी खुरात नुसता खडा अडकलेला असतो. तो काढला, की काम झाले. खूर आपल्या नखासारखा वाढतो. म्हणून नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी जुना नाल काढतो, वाढलेला खूर कापतो आणि नाल पुन्हा ठोकतो. खिळे खुराच्या कडेच्या निर्जीव भागात बसतात, म्हणून घोड्याला दुखत नाही.

घोड्याचे पोटही नाजूक असते. एवढ्या मोठ्या शरीराच्या मानाने त्याचे जठर लहान असते. त्याला थोडे थोडे, पण दिवसभर खायला लागते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. नको ते खाल्ले, तर ते बाहेर टाकता येत नाही आणि पोट फार दुखते. म्हणून मोतद्दाराला विचारल्याशिवाय घोड्याला काहीही खाऊ घालू नये. प्रेमाने दिलेला खाऊही त्याला बाधू शकतो.

येथवर आपण घोड्याची बाजू पाहिली. आता स्वाराची बाजू पाहू या. ती अधिक अवघड आहे, कारण दुसऱ्याच्या उणिवा चटकन दिसतात, आपल्या दिसत नाहीत.

पहिल्या दिवशी तुम्ही घोड्यावर बसता, तेव्हा जमीन एकदम खूप खाली गेल्यासारखी वाटते. घोडा नुसता मान हलवतो आणि तुमच्या पोटात गोळा येतो. गुडघे घट्ट आवळले जातात. हात लगाम खेचू लागतात. आता गंमत पाहा. लगाम घोड्याच्या तोंडातील कडीला बांधलेला असतो. तो खेचला, की घोड्याला कळते, 'थांब.' आवळलेले पाय त्याच्या कुशीला लागतात आणि त्याला कळते, 'चल.' बिचाऱ्या घोड्याने ऐकावे तरी कोणाचे? तो गोंधळतो. मग आपण म्हणतो, घोडा हट्टी आहे!

म्हणून भीती वाटत असेल, तर ती लपवू नये. माणसांपासून ती लपते, घोड्यापासून लपत नाही. पाठीवरचे शरीर ताठ झाले, की त्याला ते लगेच समजते आणि त्यालाही वाटते, काहीतरी भ्यायचे कारण असले पाहिजे. अशा वेळी शिकवणाऱ्या ताईंना स्पष्ट सांगावे, 'ताई, मला भीती वाटते.' त्या घोडा थांबवतील. तुम्ही दीर्घ श्वास घ्याल, खांदे सैल सोडाल आणि पुन्हा सावकाश निघाल. भीती वाटणे हा दोष नाही. ती असतानाही नसल्याचे सोंग करणे धोक्याचे आहे.

याच्या उलट चूकही होते. चार दिवस शिकवणी झाली, घोडा सांगितल्याप्रमाणे चालू लागला, की आपल्याला वाटते, आता आपल्याला सगळे येते. शेजारचा मुलगा घोडा पळवतो, मग मी का मागे राहू? येथेच अपघात होतात. घोडेस्वारीत पायऱ्या असतात. आधी घोड्याची साधी चाल. त्यात चार पाय एकामागून एक पडतात. मग दुडकी चाल. तिच्यात दोन दोन पाय एकदम पडतात आणि स्वार वर-खाली उडतो. त्यानंतर धाव आणि शेवटी भरधाव. दुडकी चालीत ज्याला तोल सांभाळता येत नाही, त्याला भरधाव घोड्यावर तो कसा सांभाळता येईल? आपले घोडे पुढे दामटणे, असे मराठीत म्हणतात. खऱ्या घोड्यावर बसल्यावर या म्हणण्याचा अर्थ नीट कळतो.

दमणूक ही स्वाराची आणखी एक मर्यादा. आपण दमलो, की आपला तोल जातो, हात जड होतात आणि आपण लगामाला लोंबकळू लागतो. त्याची शिक्षा घोड्याच्या तोंडाला होते. म्हणून 'आता पुरे' हे वेळेवर म्हणता आले पाहिजे. कितीही चांगला स्वार कधी ना कधी पडतोच. म्हणून डोक्यावर शिरस्त्राण आणि पायांत टाचेचे बूट हवेतच. टाच असली, की पाय रिकिबीतून आरपार जात नाही. पाय रिकिबीत अडकणे हे पडण्यापेक्षाही वाईट.

मग ज्याला मर्यादा फार, त्याने घोड्याच्या वाटेला जाऊच नये काय? या प्रश्नाचे उत्तर सिंगापूरमध्येच मिळते.

तेथे १९८२ पासून अपंग मुलांना व मोठ्या माणसांना घोडेस्वारी शिकवणारी एक संस्था काम करते. ती कोणाकडूनही शुल्क घेत नाही. ज्या मुलांना नीट चालता येत नाही, ज्यांचे हातपाय ताठ आहेत, ज्यांना समजायला वेळ लागतो, अशी मुले तेथे येतात. एक स्वयंसेवक घोड्याला धरून पुढे चालतो. गरज असेल, तर आणखी दोघे दोन्ही बाजूंनी मुलाला आधार देत चालतात. घोडा फक्त सावकाश चालतो. एवढ्याने काय होते? पुष्कळ होते. घोडा चालतो, तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते. माणूस चालताना त्याची कंबर जशी हलते, तशीच ही हालचाल असते. जे मूल स्वतः कधी चालले नाही, त्याच्या कमरेला व पाठीला चालण्याची हालचाल घोड्यामुळे कळते. त्याचे स्नायू सैल होतात, तोल सुधारतो. आणि एरवी चाकांच्या खुर्चीतून सगळ्यांकडे मान वर करून पाहणारे मूल येथे सगळ्यांकडे वरून पाहते!

सिंगापूरच्या एका मुलीची हकिगत ऐका. तिचे नाव लॉरेन्शिया टॅन. तिचा जन्म १९७९ मध्ये सिंगापूरमध्ये झाला. तिला सेरेब्रल पाल्सी हा विकार आहे. या विकारात मेंदूकडून स्नायूंना नीट आज्ञा मिळत नाहीत. शिवाय तिला ऐकूही येत नाही. ती तीन वर्षांची असताना तिचे कुटुंब इंग्लंडला गेले. पाचव्या वर्षी, व्यायामाचा एक उपचार म्हणून, तिला घोड्यावर बसवण्यात आले.

पुढे ती ड्रेसाज हा प्रकार शिकली. यात घोड्याने ठरावीक मैदानात, ठरावीक ठिकाणी, ठरावीक चालीने चालायचे असते. स्वार जोरात काही सांगत नाही. तो हलके इशारे करतो आणि घोडा ते ओळखतो. बहुतेक स्वार पायांनी इशारे करतात. पण ज्यांचे पाय साथ देत नाहीत, त्यांनी काय करावे? त्यांचा घोडा शरीराच्या लहानशा हालचालीवरून समजून घ्यायला शिकतो. ज्यांना लगाम मुठीत घट्ट धरता येत नाही, त्यांच्या लगामाला हात अडकवण्यासाठी फासे लावलेले असतात. अपंग खेळाडूंच्या सामन्यांत अशा साधनांना परवानगी असते. प्रत्येकाला त्याच्या शक्तीप्रमाणे गट मिळतो. लॉरेन्शियाच्या गटात घोडा मुख्यतः सावकाशच चालवायचा असतो. पण ते चालणे इतके सुबक असावे लागते, की परीक्षकांची नजर त्याच्यावर खिळून राहावी.

२००८ मध्ये बीजिंगला पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. त्यांतील घोडेस्वारीचे सामने हाँगकाँगला झाले. लॉरेन्शियाच्या घोड्याचे नाव 'नथिंग टू लूज', म्हणजे 'गमावण्यासारखे काहीच नाही'. त्याच्यावर बसून तिने दोन कांस्यपदके मिळवली. त्यांपैकी पहिले पदक हे सिंगापूरला पॅरालिम्पिकमध्ये मिळालेले पहिलेच पदक होते. २०१२ मध्ये लंडनला तिने 'रुबेन जेम्स टू' या घोड्यावर एक रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवले. यांतला एक सामना संगीताच्या तालावर असतो. ज्या मुलीला ऐकू येत नाही, तिने तो ताल घोड्याच्या पावलांतून दाखवला!

तिच्याही आधी डेन्मार्कमध्ये लिस हार्टेल नावाची एक स्वार होऊन गेली. १९४४ मध्ये तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पायांतले बळ गेले. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला मदत लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने 'जुबिली' या घोडीवर बसून धडधाकट स्वारांशी सामना केला आणि रौप्यपदक मिळवले. १९५६ मध्ये तिने ते पुन्हा मिळवले.

या दोघींनी आपल्या मर्यादा नाकारल्या नाहीत. मदत मागायला त्या लाजल्या नाहीत. आपल्याला काय येत नाही, हे त्यांनी नीट पाहिले आणि जे येते ते रोज थोडे थोडे वाढवले. घोड्यालाही त्यांनी त्याच्या शक्तीबाहेर काही करायला लावले नाही. घोड्याने त्यांच्या पायांचे काम केले आणि त्यांनी घोड्याला समजून घेण्याचे काम केले.

मुलांनो, कदाचित तुम्ही कधी सिंगापूरला जाल, कदाचित माथेरानलाच जाल. घोड्यावर बसण्यापूर्वी तीन प्रश्न मनात विचारा. आज या घोड्याला काही त्रास तर होत नाही ना? मी जे करणार आहे, ते मला येते का? आणि काही चुकलेच, तर मदतीला जवळ कोणी आहे का? तिन्ही उत्तरे चांगली आली, तर खुशाल बसा. एक जरी उत्तर वाईट आले, तर उद्या बसा. घोडा उद्याही असेल.

आणि उतरल्यावर लगेच घराकडे धावू नका. आधी खोगिराचा तंग सैल करा. घोड्याला सावलीत चालवा. त्याला पाणी दाखवा. घामाने चिकटलेली त्याची पाठ ओल्या फडक्याने पुसा आणि मोतद्दारकाकांना विचारून त्याला खरारा करा. त्याने सैलपणे मान खाली घातली, डोळे अर्धवट मिटले आणि नाकाने हळूच फुरफुर केली, तर समजा, तुमची आजची घोडेस्वारी त्यालाही आवडली.